भिवाचं शिळं तिकीट

“शिळं तिकीट चालायचं नाही,” असं म्हणून मौजबागेच्या कारभाऱ्याने सगुणाला फाटकातच अडवलं.

सगुणा बुरुडाची पोर. एका हाताने तिने म्हाताऱ्या बापाला, भिवाला धरलं होतं आणि दुसऱ्या हातात त्याचं तिकीट होतं. तिकीट म्हणजे बांबूची पातळ पट्टी. तिचे तीन भाग: घसरगुंडी, लाकडी घोडे आणि आकाशपाळणा. एकेक खेळ झाला की रखवालदार त्या खेळाचा तुकडा मोडून घ्यायचा. भिवाच्या पट्टीचा घसरगुंडीचा तुकडा तेवढा मोडला होता, बाकी पट्टी धडधाकट होती.

“शिळी व्हायला ती काय भाकर हाय?” सगुणा म्हणाली. “दोन खेळ राहिल्यात. माझ्या बाला पाळण्यात बसायचंय. वरनं आमचं गाव दिसतं म्हणत्यात. त्याची नजर चाललीय, पुढच्या खेपेला काय दिसणार?”

“मग नवं तिकीट घे.”

“शेळी विकून घेतलं व्हतं हे. आता विकायला शेळीच नाही.”

एवढ्यात खुद्द राजा गजसेन तिथे आला. बाग बरेच दिवस बंद होती, आज पुन्हा उघडली होती आणि राजाला घसरगुंडीची घाई झाली होती. बाग म्हणायला प्रजेची, पण प्रत्येक रांगेत पहिला नंबर त्याचा. त्यातून स्वभाव असा की एकदा तोंडातून शब्द गेला की मागे घेणं नाही. एकदा चुकून आंब्याला फणस म्हणाला, तर अख्ख्या दरबाराने तो उन्हाळाभर फणस म्हणूनच खाल्ला.

“तिकीट ज्या दिवसाचं, त्याच दिवशी चालतं,” राजाने निकाल दिला. “तो दिवस परत आण आणि बापाला खुशाल बसव.”

“आणि न्हाई आणला तर?”

“तर वर्षभर बागेतल्या माकडांच्या उवा काढायच्या. बापलेकींनी मिळून.”

दरबारी खो खो हसले. सगुणा काही हसली नाही.

“कवापर्यंत आणू, महाराज?”

“आज नगारा व्हायच्या आत.”

या नगाऱ्याची गंमत अशी. सूर्य मावळला की राणीसाहेब जेवायला हाक मारायच्या आणि राजाचा खेळ अर्धाच राहायचा. वैतागून त्याने फर्मान काढलं की बागेतला दिवस सूर्यावर चालणार नाही, नगाऱ्यावर चालेल. महाराज शेवटच्या खेळावरून उतरले की नगारा, आणि नगारा झाला की दिवस संपला. तोवर बाहेर चांदण्या का निघेनात, बागेत कुणी संध्याकाळचं नाव काढायचं नाही.

सगुणाने बापाला झाडाखाली बसवलं. वरून माकडं भिवाच्या बोटांकडे मोठ्या आशेने बघू लागली. म्हातारा काळजीने अर्धा झाला. सगुणा मात्र नगारची सटवाजीपाशी गेली, त्याच्याशी थोडं बोलली आणि शेंगदाणे खात निवांत परत आली.

ऊन कलायला लागलं. राजा घसरगुंडीवरून शेवटचा खाली आला, कपडे झटकले आणि म्हणाला, “सटवाजी, होऊ दे नगारा!”

“थांबा महाराज,” सगुणा पुढे झाली. “दिवस आणलाय.”

“कुठे आहे?”

“ह्यो काय. आपण त्याच्यातच हुबं हाय.”

“पोरी, माझी थट्टा करतेस?”

“न्हाई जी. माझा बा आला व्हता त्या दिशी तुम्ही लाकडी घोड्यावर बसला व्हता. आठवतंय?”

दरबारी एकदम आपापल्या जोड्यांकडे बघू लागले. आठवत सगळ्यांनाच होतं. घोडा जोरात फिरला, राजा घाबरला आणि डोळे मिटून त्याने घोड्याच्या मानेला जी मिठी मारली ती काही केल्या सुटेना. वैद्य आले, पुरोहित आले, राणीसाहेबांनी दम भरून पाहिला. शेवटी सुताराने खांबावरून घोडाच कापून काढला आणि घोड्यासकट राजाला उचलून राजवाड्यात नेलं. त्या गडबडीत सगळेच खेळ थांबले, आणि तो घोडा परत बसवायचा म्हणून तर बाग आजवर बंद होती.

“तर तुम्ही बागेत घोड्यावरनं उतरला का, महाराज?”

“राजवाड्यात उतरलो.”

“बागेत?”

“बागेत...” राजाने मिशीला हात घातला. “बागेत नाही उतरलो.”

“सटवाजीकाका, त्या दिशी नगारा केला का?”

“कसा करू? सरकार उतरलंच न्हाईत,” सटवाजी म्हणाला. “दुसऱ्या दिसापासनं बागंला कुलूप. त्यानंतर आत्ताच काय ती काठी उचलली.”

“म्हंजे नगारा झाला न्हाई, तर दिवस बी संपला न्हाई,” सगुणा म्हणाली. “फर्मान तुमचंच हाय, महाराज. बागेत अजून त्योच दिवस चाललाय आणि बाचं तिकीट आजचंच हाय.”

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान हळूच म्हणाला, “फर्मान मागे घेतलं तर...”

“मी कधी काही मागे घेतलंय?” राजा गरजला. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. “म्हणजे प्रधानजी, घोडा बसवेपर्यंत मी जेवढे लाडू खाल्ले, ते सगळे बागेच्या हिशेबी एकाच दिवसात?” आणि तो जो हसत सुटला, तो कमरेचा शेला सुटेपर्यंत.

त्याने सगुणाला दोन दुभत्या शेळ्या दिल्या, बापाबरोबर तिलाही पाळण्यात बसवलं आणि हुकूम सोडला, “हा म्हातारा मनाने उतरेपर्यंत नगारा नाही.”

पाळणा वर गेला. भिवाने कपाळावर हात धरून डोळे बारीक केले.

“दिसलं गं सगुणे! गाव दिसलं, आपलं घर दिसलं!” तो ओरडला. “आणि दार सताड उघडं टाकून आलीस की गं!”

खाली राजाला पुन्हा हसू आवरेना, आणि हसत हसतच त्याने दोन घोडेस्वार दार लावायला पिटाळले.