रोकामिर्ताची उंच पायरी

भूमध्य समुद्राच्या काठी एका उभ्या कड्यावर रोकामिर्ता नावाचं गाव आहे. खाली बंदर, वर तटबंदी, आणि दोन्हींना जोडणाऱ्या दोनशे सात दगडी पायऱ्या. बोटीतून उतरलेले पाहुणे गुलबट घरांचे फोटो काढत निम्म्यापर्यंत मजेत चढतात आणि मग एका जागी सगळेच अडतात. तिथली एक पायरी माणसाच्या कमरेच्याही वर जाते. बाकीच्या वीत-दीड वीत, ही एकटी दोन हात.

गेल्या वसंतात साताऱ्याकडची काही मंडळी तिथे आली होती. त्यांतल्या कुमुदिनीबाई धापा टाकत म्हणाल्या, "एवढं देखणं काम, आणि इथे गवंडी झोपला होता का?"

गाव दाखवणारा म्हातारा आन्सेल्मो हसला नाही. "झोपला नव्हता, बाई. टक्क जागा होता." त्याने सगळ्यांना सावलीत बसवलं आणि वाडवडिलांकडून ऐकलेली हकिगत सांगितली.

फार पूर्वी इथे पायऱ्या नव्हत्या, नुसती घसरडी पाऊलवाट होती, असं सांगतात. गावाने जिना बांधायचं काम दोघा पाथरवट भावांवर सोपवलं. थोरला व्हिताले वरून, वेशीच्या दरवाजापासून खाली येणार. धाकटा नेरिओ बंदरापासून वर चढणार. मधोमध कड्यावर नेरिओने मोजून, काव फासून एक तांबडी रेघ ओढली होती. त्या रेघेला दोघांनी येऊन मिळायचं.

व्हितालेचा हात विलक्षण होता. त्याचे चिरे असे बसत की फटीत सुरीचं पातं जात नसे. पण त्याच्या पायऱ्या ताठ आणि उंच. नेरिओने आधी बंदरावरच्या म्हाताऱ्यांना चालून दाखवायला सांगितलं, त्यांचं पाऊल किती उचलतं ते पाहिलं, आणि त्या मापाने पायरी घडवली. डोक्यावर पाण्याचा घडा घेतलेली बाई न डचमळता चढू लागली. गाव त्याला दुवा देऊ लागलं.

वर छिन्नी चालवताना व्हितालेच्या कानावर खालचं हसणं पडे. कुणी नेरिओला अंजिरं आणून देई, कुणी मासे. व्हितालेकडे लोक येत ते टोपी काढून, "काम उत्तम आहे" म्हणत आणि निघून जात. नेरिओला छिन्नी धरायला त्यानेच शिकवलं होतं. बाप गेल्यावर त्याला वाढवलंही त्यानेच. त्यामुळेच ते जास्त झोंबे. रात्री जेवताना नेरिओ अर्धी अंजिरं त्याच्या ताटात ठेवी, आणि व्हितालेला ती कडू लागत, म्हणे.

मग पंचांनी ठरवलं की जिन्याच्या पहिल्या चिऱ्यावर एकाचंच नाव कोरायचं, नेरिओचं. बातमी नेरिओनेच आणली. "दादा, मी त्यांना सांगतो, आधी तुझं कोरा."

"भीक नको मला," व्हिताले म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सारं गाव झोपलं असताना, तो कड्यावर गेला. त्याने तांबडी रेघ घासून काढली आणि दोन हात खाली दुसरी ओढली. नेरिओ भरवशाने त्या रेघेपर्यंत आला आणि थांबला. व्हितालेने आपलं काम जुन्या, खऱ्या मापावर संपवलं. मधे ती उंची उरली.

पंच जमले. व्हितालेने वरून दोरी सोडून आपलं माप बिनचूक असल्याचं दाखवलं. सगळ्यांनी नेरिओकडे पाहिलं. नेरिओने रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "माझाच हिशेब चुकला." नाव कोरायचं राहिलं. दुरुस्ती सणानंतर करू, असं ठरलं.

सणाच्या सकाळी समुद्रावर चाच्यांची गलबतं दिसली.

बंदरावरचे लोक पोरंबाळं उचलून पायऱ्यांवरून तटाकडे धावले आणि त्या एका पायरीशी तुंबले. म्हाताऱ्यांना पाय उचलेना. गरोदर बायका बसकण मारून रडू लागल्या. तेव्हा नेरिओ पायरीखाली उभा राहिला आणि एकेकाला उचलून वर द्यायला लागला. "नेरिओ, मला घे! नेरिओ, हिला आधी!" असा कल्लोळ माजला. वर दरवाजात उभ्या व्हितालेच्या कानावर ते नाव पडलं आणि, सांगतात, त्याही घडीला हेव्याने तो जागचा हलला नाही. पण मग गर्दीत कुणाचंसं बाळ हातातून निसटलं, नेरिओने ते वरच्या वर झेललं. व्हिताले धावत खाली आला, पायरीवर पालथा पडला आणि हात खाली सोडले. धाकटा उचलत होता, थोरला ओढत होता.

शेवटची चढली ती तेरेंझिया नावाची म्हातारी. पुढचं सगळं तिनेच ऐकलं. चाचे वळणावर पोचले होते. व्हितालेने हात पुढे केला, पण नेरिओचे बाहू लुळे पडले होते. त्याला हात उचलता येईना. व्हितालेने खाली उडी घेतली आणि भिंतीला टेकून वाकला.

"माझ्या खांद्यावर पाय दे."

"तू कसा येशील, दादा?"

"चढ आधी. रेघ मी हलवली होती, नेरिओ."

"मला पंचांसमोरच कळलं होतं," नेरिओ म्हणाला. "एका रात्री जेवताना तुझ्या बोटांना काव होती, ते तेव्हा आठवलं."

व्हितालेने त्याला जवळजवळ फेकूनच वर दिलं. नेरिओने वरून हात खाली सोडला, पण त्यात मूठ वळण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. तोवर चाचे येऊन भिडले, आणि लोकांनी नेरिओला ओढत आत नेऊन दरवाजा लावला. व्हितालेला बांधून गलबतावर चढवताना तटावरून सगळ्यांनी पाहिलं. पुढे त्याची खबर कधीच आली नाही.

गावाने नंतर ती पायरी फोडायला घेतली, तेव्हा नेरिओ आडवा आला. "तिला छिन्नी लावायची नाही," एवढंच बोलला. मरेपर्यंत तो चूक आपलीच म्हणून सांगत राहिला. तेरेंझियाने मात्र खरं काय ते आपल्या नातींना सांगून ठेवलं.

आजही या पायरीशी जो आधी वर चढेल त्याने वळून मागच्याला हात द्यायचा, अशी रीत आहे. मागचा परका असो की वैरी. समोरासमोर दुकानं असलेले, एकमेकांचं गिऱ्हाईक पाहून जळणारे दोन पाववाले इथे आहेत. वीस वर्षांत ते एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. पण या पायरीशी गाठ पडली, की तोंड फिरवून का होईना, वरचा हात पुढे करतो आणि खालचा तो घट्ट धरतो.