मुका झालेला कीबोर्ड

"पण मास्तर, धडधाकट कीबोर्ड असा अचानक मरेल कसा?"

ऋजुता बोंद्रेने उघडा लॅपटॉप मास्तरांच्या पुढ्यात झोपाळ्यावर ठेवला. भर दुपारी दोन गल्ल्या पळत आली होती बिचारी. दम खायलाही थांबली नाही.

रुईकर मास्तर म्हणजे जुन्या तार ऑफिसातले. तारेचं काम संपलं तसे कॉम्प्युटरकडे वळले, आणि दूरच्या मशीनशी नुसत्या अक्षरांतून बोलायचं कसं, हे निम्म्या गावाला शिकवलं. ऋजुता त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. हे तिला कुणी सांगावं लागत नसे.

"कुठलं मशीन?"

"तालुक्याच्या रक्तपेढीचं. दुरुस्तीसाठी मी घरून पाच मिनिटं त्याच्यावरची नोंदवही बंद केली. परत चालू करायची कमांड लिहिली आणि... स्क्रीन ढिम्म! एक अक्षर उमटेना. तिकडे थिएटरात बाळंतीण आहे हो, मास्तर. नोंदवही उघडल्याशिवाय रक्ताची पिशवी हलत नाही."

मास्तरांनी सावकाश चष्मा पुसला. घाई म्हणून माहीत नाही या माणसाला!

"एंटरच्या आधी काय दाबलंस?"

"काय दाबणार? सेव्ह केलं. कंट्रोल एस. हातच जातो माझा तिकडे."

"हं... तिकडच्या मशीनला त्याचा अर्थ लागतो, गप्प बस. ते बसलं गप्प."

ऋजुताचं तोंड एवढंसं झालं.

"मुकं झालंय, पोरी. बहिरं नाही झालं."

"म्हणजे?"

"कंट्रोल क्यू दाबलं की बोलायला लागेल. मधे जे जे लिहिलं गेलं असेल, ते ऐकून ठेवलंय त्याने. सगळं ओळीने करून मोकळं होईल." मास्तरांची बोटं कळांवर टेकली. "काही लिहिलंस मधे?"

"नाही. काही नाही."

खोटं! धडधडीत खोटं. वैतागाच्या भरात तिने तीन वेळा लिहिलं होतं, रीस्टार्ट हो. मेलेल्याला काय ऐकू जातंय, म्हणून. आणि ते मशीन एकदा रीस्टार्ट झालं की सगळ्या नोंदी तपासत दीड तास बसणार. दीड तास! पण हे मास्तरांपुढे कबूल करायचं? त्यांच्या पट्टशिष्येने?

मास्तरांनी मान डोलावली. बोट खाली जाऊ लागलं.

ऋजुताने त्यांचं मनगट गच्च धरलं.

"थांबा! रीस्टार्ट लिहिलंय मी. तीनदा. एंटरसकट... चुकलं माझं."

मास्तर रागावले नाहीत. क्यूवरचं बोट उचलून त्यांनी सीवर नेलं.

"मग हे, कंट्रोल सी. ऐकलेलं सगळं टाकून देतं."

टक्.

स्क्रीन हलली. एक कोरी ओळ आली आणि कर्सर लुकलुकू लागला. ऋजुताने कमांड पुन्हा लिहिली. या खेपेला नुसतं एंटर.

दोन मिनिटांत रक्तपेढीतून इनामदारांचा फोन आला.

"मॅडम, उघडली बरं का नोंदवही! दोन पिशव्या थिएटरात गेल्यासुद्धा."

ऋजुता झोपाळ्याच्या कडेवर मटकन बसली. हसू आणि रडू एकदमच फुटलं. सुटले गं बाई, सुटले! इतकं हलकं तिला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. तिने पदरासारखी ओढणी तोंडावरून फिरवली, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली, आणि मग कुठे तिला धीर आला.

"मास्तर... मी खोटं बोलतेय हे ओळखलं होतंत ना तुम्ही?"

मास्तरांनी पायाने झोपाळ्याला हलकेच रेटा दिला.

"छे."

"मग... मी मनगट धरलं नसतं तर?"

झोपाळा दोनदा करकरला.

"तर क्यू दाबलं असतं. तू 'काही नाही' म्हणाली होतीस."