हिरवळीची पिवळी टोके

एका आश्रमात एकदा एक पदवीधर, उतावळा शिष्य राहत होता. प्रार्थनामंदिरापुढच्या हिरवळीचे गवत यंत्राने कापणे, ही त्याची सेवा. यंत्राच्या पात्याला धार लावण्यात अख्खी सकाळ जाते, म्हणून चार महिने त्याने कानस हातात धरली नव्हती.

हळूहळू हिरवळ पिवळी पडली. सायंप्रार्थनेला सगळे जमलेले असताना शिष्य उठला आणि पाणी घालणाऱ्या वृद्ध तुळाजीकडे बोट दाखवून गरजला, "सेवेत चोरी करणाऱ्याला इथे जागा असू नये!"

 सकाळी तुळाजीने आपले बोचके बांधायला घेतले.

त्याच सकाळी गुरुजी हिरवळीवर पालथे पडलेले दिसले. शिष्य घाबरून धावला.

"गुरुजी, पडलात?"

"पडलो नाही, झोपलोय. तूही झोप. कपड्यांना माती लागेल, लागू दे."

शिष्य पोटावर झोपला. गवत अगदी नाकाशी आले. प्रत्येक काडीचे टोक चावलेल्या दातवणासारखे फाटून वाळले होते.

"आता कुंपणाकडचं बघ."

तिथे यंत्र पोचत नसे. तो पट्टा तुळाजी विळ्याने कापी. पाणी तेच, आणि गवत हिरवेगार!

शिष्याला मान वर करवेना.

गुरुजी म्हणाले, "बोथट पातं कापत नाही, ओरबाडतं. ओरबाडलेलं टोक वाळतं. अन्यायाची तुला चीड आहे, ते चांगलंच. पण आवेशालाच तू धार समजलास. वाकून बघायला तुला सवड नव्हती. म्हाताऱ्या माणसाला ओरबाडायला बरी मिळाली!"

"त्यांच्या खोलीवर जाऊन आत्ता माफी मागतो."

"काल बोललास तेव्हा किती जण ऐकत होते?"

 शिष्याने तुळाजीला संध्याकाळपर्यंत थांबण्याची विनवणी केली. प्रार्थनेला तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुळाजीकाकांनी रोज पाणी घातलं. धार मी लावली नाही. चोरी माझी."

"बरं बरं, बसा आता," तुळाजी पुटपुटला. बोचके त्याने सोडले.

दुसऱ्या दिवशी शिष्य त्याच्याकडे धार लावायला शिकू लागला. त्वेषाने कानस चालवून त्याने पाते पुढे केले. तुळाजीने ते मधल्या भोकातून खिळ्याला अडकवले. पाते एकीकडे कलले.

"एकाच बाजूला जोर लावलात, दादा. दुसरी जड राहिली."

शिष्याने पाते खाली घेतले आणि दुसरी बाजू घासायला बसला. या वेळी सावकाश.