झाकणाखालचं धोंडस

"पण माई, झाकण उघडून बघायचंच नाही, तर आतलं झालं की नाही हे कळायचं कसं?"

बाबूशेट रेडीज यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

माईंनी नारळाची वाटी खवणीवर फिरवली.

चुलीवर पितळी टोप होता. टोपाखाली करवंट्यांचे निखारे, झाकणावरही निखारे. आत धोंडस. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी तवशाचा केक समजावं. किसलेली जून काकडी, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. खालून आणि वरून सारखी धग लागली की तासाभरात होतं. कुणाच्या घरात भट्टी नव्हती, तेव्हाही कोकणात बायका हे असंच भाजत.

आणि विचारणारा माणूस कोण? पंचक्रोशीतल्या सगळ्यात मोठ्या बेकरीचा मालक. त्रेचाळीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला.

त्यांची एक गोष्ट बाजारात प्रसिद्ध आहे. नवी भट्टी बसवायला शहरातून इंजिनियर आला होता. काटा बघून म्हणाला, दोनशेवीस. बाबूशेटनी दारातून हात आत घातला, बाहेर काढला आणि म्हणाले, "साहेब, दोनशेलासुद्धा पोचलेली नाही. काटा बदला."

काटा बदलला. एकशेपंचाण्णव निघाली.

ही गोष्ट बाबूशेट स्वतःच सांगत. दुकानात सांगत, लग्नात सांगत. एकदा मयताला गेले होते, तिथंही सांगून आले.

माईंच्या खाडीकाठच्या या लहानशा मठात ते दर सोमवारी येत. नानकटाईचा पुडा माईंपुढं ठेवत आणि म्हणत, "माई, आम्हालाही दोन शब्द सांगा की."

"पुढच्या सोमवारी बघू," माई म्हणत. आणि पुडा फोडून वाडीतल्या पोरांना वाटून टाकत.

अकरा वर्षं हेच चाललं होतं.

आज मात्र वार गुरुवार होता, आणि बाबूशेट दोन शब्दांसाठी आले नव्हते. ते आले होते त्या पोरीसाठी, जी माईंच्या पाठीआड बसून त्यांच्याकडं एका डोळ्यानं बघत होती.

रेवा. लेकीची लेक. वय वर्षं पाच.

दिवाळीत गावातल्या बायका घरी पीठ मळून, नानकटाईचे ट्रे भरून बेकरीत भाजायला आणतात. पंधरा दिवसांपूर्वी अशीच रांग लागली होती. रेवाला बघायचं होतं, आत काय होतंय. तिनं खालच्या भट्टीचं दार ओढलं आणि उघडं धरून बघत बसली. खोतांच्या घरचा अख्खा ट्रे बसला.

बाबूशेटनी चार माणसांदेखत तिच्या हातावर चापट मारली.

"भट्टीचं दार उघडतात का, गाढवे?"

पोर रडली नाही. हात मागं घेतला आणि घरात गेली. तेव्हापासून आजोबांशी एक शब्द नाही. चॉकलेट झालं, बाहुली झाली, सायकल झाली. सायकल तिनं शेजारच्या मुलीला चालवायला दिली.

आज तीन वाजता जावई जीप घेऊन येणार होते. त्यांची बदली झालेली, थेट आसामात. पुन्हा येणं कधी? तीन वर्षांनी.

तीन वर्षांनी रेवा आठ वर्षांची असेल. आणि बाबूशेट… असले तर असतील.

म्हणून लेकीनं निरोपाच्या चार घरी जायचं ठरवलं, तेव्हा बाबूशेट म्हणाले, "हिला मी मठात नेतो. माईंच्या पाया पडून येऊ." पोर वाटभर त्यांच्या दोन पावलं मागं चालली.

"माई, मंत्र सांगा, अंगारा द्या, काही करा," ते उंबऱ्यातच म्हणाले. "ही माझ्याशी बोलत नाही."

माईंनी वर बघितलं. आढ्याला काथ्यानं बांधलेली दोन तवशी लोंबत होती.

"शेट, तवसं किसता येतं?"

"मला? माई, माझ्या हाताखाली चौदा माणसं…"

"किसता येतं का?"

तर असं हे धोंडस चुलीवर चढलं होतं.

किसलं बाबूशेटनी, रवा भाजला बाबूशेटनी, गूळ मोजला बाबूशेटनी. रेवा पातेल्याजवळ सरकली तेव्हा ते म्हणाले, "तू नको बाळा, सांडेल." ती परत माईंच्या पाठीआड गेली. माई बघत होत्या.

आणि आता टोप चुलीवर, झाकणावर निखारे, आणि बाबूशेटना स्वस्थता नव्हती. बेकरीत भट्टीला काचेची खिडकी होती, काटा होता, घड्याळ होतं. इथं नुसतं एक काळं झाकण.

"माई, मी जरासं…"

माई खवत राहिल्या.

बाबूशेटनी सांडशीनं झाकण उचललं. बघितलं. ठेवलं. दहा मिनिटांनी पुन्हा उचललं. तिसऱ्या वेळी झाकण कलंडलं आणि वरची राख, दोन निखाऱ्यांसकट, धोंडसावर सांडली.

मध्यभागी खळगा पडला. कडा करपलेल्या, पोटात पातळ गारा.

चूल तडतडली…

बाबूशेटनी मान वळवली, तर रेवा माईंच्या पाठीआडून बाहेर आलेली. ती धोंडसाकडं बघत नव्हती. त्यांच्या हाताकडं बघत होती. ज्या हातानं झाकण उघडलं, त्या हाताकडं.

या पोरीला कशासाठी मारलं होतं आपण?

ते जमिनीवर बसले. उजवा हात पुढं केला, तळवा वर.

"मार," ते म्हणाले. "मीही दार उघडलं. मार मला."

पोरीनं माईंकडं बघितलं. माई खोबरं गोळा करत होत्या.

तिनं पुन्हा तळव्याकडं बघितलं. त्यावर राख होती. ती एक पाऊल पुढं आली. मग आणखी एक. वाकली, आणि गाल फुगवून फुंकर मारली.

राख उडाली.

ती परत जाऊन आपल्या जागी बसली.

माई उठल्या. काठीनं दुसरं तवसं खाली काढलं आणि ते बाबूशेटना न देता रेवाच्या मांडीवर ठेवलं. तवसं तिच्याहून थोडंच लहान होतं.

"घे गो बाय."

या वेळी बाबूशेटनी आपले दोन्ही हात पाठीमागं धरले. स्वतःचे हात स्वतःच बांधून घेणं किती अवघड असतं, हे त्यांना त्रेचाळीस वर्षांत प्रथमच कळलं. तवसं किसताना पोरीचा हात दमला की फक्त तेवढ्यापुरती माईंनी किसणी धरली. रवा सांडला, गूळ फ्रॉकला लागला, काकडीचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. तिनं दोन्ही हात पातेल्यात घालून कालवलं.

"मीठ चिमूटभर," माई म्हणाल्या.

रेवानं चिमूट टाकली. आपल्या बोटांकडं बघितलं, बाबूशेटच्या पाठीमागच्या जाडजूड बोटांकडं बघितलं, विचार केला आणि आणखी एक चिमूट टाकली.

बाबूशेटच्या अंगावर काटा आला. कामगारांना प्रमाण शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. आपली चिमूट लहान, हे हिला कुणी सांगितलं?

टोपाच्या तळाशी हळदीचं पान घातलं. त्यावर मिश्रण ओतलं. झाकण, निखारे. बाबूशेटनी सांडशी उचलली आणि आपण होऊन माईंच्या हातात दिली.

"ठेवा तुमच्याजवळ. माझा भरवसा नाही."

माई हसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

रेवा चुलीपासून हातभर अंतरावर सारवलेल्या जमिनीवर पालथी पडली. हनुवटीखाली मुठी ठेवल्या. पडली ती पडलीच. ना खेळ, ना चुळबूळ. बाबूशेटना वाटलं, झोपली. जवळ जाऊन बघितलं, तर डोळे टक्क उघडे.

"काय बघतेस गं?" ते कुजबुजले. "बाहेरून काय दिसतंय?"

ती उत्तर देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सवयीनं विचारलं होतं.

पण रेवानं हात वर केला, त्यांचा कान पकडला आणि खाली ओढला.

पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा सदरा, त्रेसष्ट वर्षांचं वजनदार शरीर. बाबूशेट गुडघ्यावर आले, मग कोपरावर, मग पोटावर. गाल जमिनीला टेकला.

काहीच ऐकू येईना. स्वतःचा श्वास तेवढा, भात्यासारखा. त्यांनी तो आवरला.

आणि मग…

बुड्. बुड् बुड्. चर्र. बुड्.

टोपात कुणीतरी बोलत होतं. हळू, भरभर, एकमेकांत मिसळून, लांबच्या घरात बायका जमल्यासारखं.

"बोलतंय," रेवा म्हणाली.

पंधरा दिवसांनी आलेला तो शब्द बाबूशेटनी ऐकला. पण वळून बघितलं नाही. हलायची भीती वाटली.

त्रेचाळीस वर्षं. रोज हजारभर पाव, वर खारी, नानकटाई, केक. ते सगळे भट्टीच्या दाराआड बोलत असणार. प्रत्येक जण. आणि आपण दारात उभे राहून इंजिनियरची गोष्ट सांगत होतो.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकावरून आडवं वाहून शेणानं सारवलेल्या जमिनीत जिरलं.

किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. दारात जावई उभे राहिले, मागं सुलू, बाबूशेटची लेक.

"बाबा, निघायला हवं. स्टेशनावर पोचायला दोन तास…"

जावई थांबले. सासरे जमिनीवर पालथे, शेजारी लेक पालथी.

"बाबा! काय झालं? पडलात का?"

"थांबा," बाबूशेट जमिनीवरूनच म्हणाले. "अजून बोलतंय."

"कोण बोलतंय?"

"श्श!" दोघांनी एकदम केलं.

जावई फौजेतला माणूस. हुकूम ओळखला आणि उंबऱ्यावर बसले. सुलूनं पदर तोंडाला लावला. जमिनीवर सतरंजीशिवाय कधी न बसलेल्या आपल्या वडिलांना ती बघत राहिली.

आवाज विरळ झाले. बुड्… मग बऱ्याच वेळानं, बुड्… मग एक इतका बारीक की झाला की नाही, सांगता येऊ नये.

मग काहीच नाही.

चूल होती, निखारे होते, खाडीवरचा वारा होता. टोप गप्प होता. बाबूशेट त्या गप्प टोपापुढं देवळातल्यासारखे पडून राहिले.

"आजोबा," रेवा त्यांच्या कानात म्हणाली. "निजलं."

ते उठून बसले. माईंनी सांडशी पुढं केली. त्यांनी झाकणावरचे निखारे एकेक करून बाजूला काढले, राख फुंकून साफ केली. झाकणाची कडी सांडशीत धरली.

आणि थांबले.

तापल्या भट्टीत शिरणारा तो हात झाकणाशी अडला होता.

"उघडा ना, आजोबा."

"उघडतो हं, बाळा." पण त्यांनी माईंकडं बघितलं. "माई… आणि कच्चं निघालं तर?"

माई केळीची पानं पुसत होत्या. एक मांडलं, दोन मांडली. उंबऱ्यावरच्या दोघांसाठी आणखी दोन मांडली, आणि मग आपलं.

"कच्चं खाऊ," त्या म्हणाल्या.