मे महिन्यातला सडा

“आणि उरलेले आठ महिने? उरलेले आठ महिने काय असतं इथे, बाई? तुम्हीच सांगा.”

विश्राम गावडे एवढं विचारून थांबला. वादात जिंकल्यासारखा.

बाई काठीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिल्या.

समोर सडा होता. सडा म्हणजे आमच्या कोकणातल्या डोंगरमाथ्यावरचा सपाट, उघडा कातळ. मे महिना, चार वाजलेले, आणि सगळा माथा काळाठिक्कर पडलेला. परका माणूस म्हणाला असता, इथे काहीच नाही. त्याला खोटं पाडणं मलाही जमलं नसतं.

मी बाईंच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते. मी शालन. कॉलेजात विश्रामच्याच वर्गातली. पुढे तो जगभर फिरला, मी गावच्या शाळेत शिकवलं. आता मी निवृत्त आहे, बाईंच्या शेजारी राहते आणि दुपारचा डबा त्यांना मीच देते. त्यामुळे मधे तोंड घालायचा थोडा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

बाई म्हणजे प्रमिला तळगावकर. आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवलं ते त्यांनी. आता ऐंशी उलटलीय. डोळ्यांना कमी दिसतं. ऐकायला मात्र नको तेवढं येतं.

“बोला ना, बाई,” विश्राम म्हणाला. “गावाने सगळं तुमच्यावर सोडलंय. बाई हो म्हणाल्या तर करा, नाही म्हणाल्या तर राहू दे. उद्या सकाळी मातीचे डंपर येतायत. आज संध्याकाळपर्यंत मला त्यांना कळवायचंय.”

“माती कुठे टाकणार?”

“इथेच. सगळ्या सड्यावर. कातळ दिसायलाच नको. मग जांभूळ, किंजळ, ऐन, कुंभा. सगळी आपली झाडं, बाई. बाहेरचं एक रोप आणणार नाही.”

खरं सांगायचं तर माणूस वाईट नाही. उजाड झालेले डोंगर हिरवे केलेत त्याने. त्याच्या झाडांवर आता धनेश येऊन बसतात, ते मी स्वतः बघून आलेय. पेपरात फोटो येतो अधूनमधून. साठी झाली तरी फोटोत हसतो तेव्हा अजून कॉलेजातलाच दिसतो मेला.

“आणि नाव तुमचं द्यायचं,” तो म्हणाला. त्याचा आवाज जरा कापला. “प्रमिला तळगावकर स्मृतिवन.”

बाईंनी मान वळवली.

“स्मृतिवन? मी अजून आहे रे.”

मला हसू आवरेना. विश्राम कानापर्यंत लाल झाला.

“तसं नाही हो, बाई...”

“असू दे. कधी ना कधी लागेलच ते. पुढे बोल.”

तो पुढे बोलला. गुरांना सावली, पाखरांना फळं, खालच्या विहिरींना पाणी. सरकारी कागदावर ही जमीन पडीक म्हणून लिहिलेली आहे, तेही सांगितलं. पावसाळ्यात इथे फुलं येतात हे तो विसरला नव्हता. पण चार महिन्यांच्या फुलांसाठी एवढा माथा बारा महिने उघडा ठेवायचा, हे त्याला पटत नव्हतं.

“तुमच्यामुळे मला झाडांचं वेड लागलं, बाई. तुमच्यासाठी एक जंगल तरी उभं करू द्या ना मला.”

एवढ्या मायेने बोलला, की मला भीतीच वाटली.

कारण बाईंनी कुठल्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. उत्तर चुकलं तरी म्हणायच्या, बरं, परत एकदा बघ. आज तसंच काही म्हणून बसल्या तर उद्या इथे माती पडणार. आणि कातळावर एकदा बसलेली माती कोण खरवडून काढणार आहे? सडा गेला तो गेलाच.

बाईंनी काठीने समोरचा कातळ चाचपला.

“विश्राम, तुझी वीत कुठे रे?”

“वीत...?”

काय सांगू, त्या एका शब्दाने मी पार मागे गेले.

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून, श्रावण सरता सरता, बाई सगळ्या वर्गाला या सड्यावर आणायच्या. प्रत्येकाला एक वीत जागा द्यायच्या. ज्याच्या-त्याच्या हाताची वीत, चारी बाजूंनी. तिच्यासमोर पालथं पडायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि बाई म्हणेपर्यंत उठायचं नाही. मुंग्या चावल्या तरी नाही. तिन्ही वर्षं तीच वीत. कपडे भिजून अंगाला चिकटायचे, पोटाखाली कातळ गार लागायचा, आणि डोळ्यांसमोर नखाएवढी झाडं. सीतेची आसवं निळी-जांभळी, गेंदांचे पांढरे गोळे, आणि त्यांच्यामधून वाट काढणारा एखादा किडा. बाई आमच्यामधून फिरत विचारायच्या, “काय म्हणतेय तुझी वीत?” काय म्हणणार? पण काहीतरी म्हणायची ती, आणि आम्हाला ऐकू यायचं. तसं ऐकणं पुढे मला कधी जमलं नाही. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

विश्रामच्या वितीत दवबिंदूचं झाड निघालं होतं. त्याच्या चिकट पानावर डास अडकला तेव्हा हा एवढ्याने ओरडला, की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. त्या दिवशी डबा खायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. त्याची आंबोळी मी खाल्ली.

“इथेच असेल कुठेतरी,” विश्राम म्हणाला. “त्या बाजूला. एक खळगा होता.”

“शोधून काढ,” बाई म्हणाल्या. “तेवढी वीत सोड. बाकीच्या सड्यावर माती टाक. माझं ‘हो’ आहे.”

“बाई!” मी ओरडलेच. छत्री हातातून पडता पडता राहिली.

“शालन, तू गप्प बस.”

गप्प बसले. दुसरं काय करणार?

विश्रामचा चेहरा फुलला. लगबगीने गेला. खळगा त्याला वाटला तिथे नव्हता. मग डावीकडे गेला. मग उजवीकडे. कातळ सगळीकडे सारखाच काळा. कमरेवर हात ठेवून उभा राहिला, पुन्हा आमच्याकडे आला, पुन्हा गेला.

“हीच असणार,” लांबून ओरडला.

“बघ नीट,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्याची असेल.”

शेवटी त्याने बूट काढले. पाय भाजले तसा टुणकन उडाला. मी हसले, मनात म्हटलं, भाज चांगला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने कातळ चाचपत पुढे सरकायला लागला. इथे वीत ठेवून बघ, तिथे ठेवून बघ. परीटघडीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. त्याला मुळी भानच नव्हतं. डोंगरच्या डोंगर हिरवे करणारा माणूस, पण एक वीत सापडेना.

हसता हसता मला वाईट वाटायला लागलं.

...

“सापडली!”

हाक ऐकताच बाई माझ्या खांद्याला धरून निघाल्या. सड्यावर त्या अनवाणीच चालतात, बाराही महिने. तिथे पोचल्यावर कष्टाने खाली टेकल्या.

एक उथळ खळगा. शेजारी कातळात दोन चिरा. मधे विश्रामचा हात पसरलेला.

“हीच, बाई. या दोन चिरा. यांच्यामधेच माझं दवबिंदू होतं.” धाप लागली होती त्याला. मग तो हळूच म्हणाला, “पण आता काहीच नाही इथे.”

खरंच काही नव्हतं. कातळावर काळी, करपलेली खपली. भाकरीच्या तव्याला असते तशी.

बाईंनी त्या खपलीवरून बोटं फिरवली. दाबून नाही. अगदी अलगद. मग हात तसाच ठेवून थांबल्या. काहीतरी ठरवत होत्या. जे ठरत होतं ते त्यांच्या जिवावर आलं होतं, हे मला दिसत होतं.

“पाणी आहे का तुझ्याकडे?”

त्याने पाठीवरच्या पिशवीतून बाटली काढून दिली. बाईंनी एक ओंजळ भरली आणि थेंब थेंब त्या वितीवर सोडली. कातळाने चुरचुर आवाज केला.

“पालथा पड.”

“आता? बाई, केवढं तापलंय...”

“पड.”

मी छत्री त्या वितीवर धरली आणि माझा टॉवेल त्याच्या छातीखाली सरकवला. साठीचा माणूस पालथा पडला. बाईंनी पदराची गाठ सोडली. आतून भिंग काढून त्याच्या हातात दिलं. तेच, कॉलेजातलं, पितळी कडीचं.

आधी काही झालं नाही.

मग खपली हलली. मला वाटलं पाण्यानेच हलली असेल. पण ती सुटायला लागली. आवळून बसलेलं काहीतरी उलगडत होतं. काळ्याचं तपकिरी झालं. तपकिरीच्या कडा पिवळसर झाल्या. आणि बघता बघता, आम्ही श्वास धरून बसलो असताना, ती वीत हिरवी झाली. शेवाळ. पान न् पान उघडलेलं, ताजं, कोवळं.

“अगं बाई!” माझ्या तोंडून निघालं. इतकी वर्षं सड्याच्या पायथ्याशी राहते मी. मला माहीत नव्हतं.

विश्राम भिंग डोळ्यावरून काढेना.

“हे... उगवलं नाही,” तो शेवटी म्हणाला. “हे इथेच होतं.”

त्याने भिंग आणखी जवळ नेलं.

“म्हणजे सगळ्या सड्यावर... ही काळी खपली सगळीकडे...”

आता त्याने भिंग खाली घेऊन लांबवर बघितलं.

“आम्हाला मे महिन्यात कधीच का आणलं नाहीत, बाई?”

“तुम्हाला सुट्टी असायची,” बाई म्हणाल्या. मग ओल्या पानांवरून बोट फिरवत म्हणाल्या, “त्यांनाही.”

विश्राम उठून बसला. शर्टावर काळे डाग. डोळे भरून आलेले. लपवायचा प्रयत्नही केला नाही त्याने. मीही पदर डोळ्यांना लावला.

त्याने खिशातून फोन काढला.

“हॅलो? हां, गावडे बोलतोय. उद्या माती नको... नाही, परवाही नको. कधीच नको. दुसरीकडे कुठे पाठवायची ते सांगतो नंतर.”

मी सुटकेचा श्वास टाकला. त्याच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा घालावासा वाटला, घातलाही.

आणि तेवढ्यात त्याला काय झालं कोण जाणे. एकदम बाटली उचलली आणि पलीकडच्या चिरेवर पाणी शिंपडलं. वाकून बघत राहिला. मग त्याच्या पलीकडच्या खळग्यात.

“हीसुद्धा, बाई! ही बघा, हीसुद्धा उठली! शालन, इकडे ये, ही तुझी वीत असेल!”

मी धावले. खोटं कशाला बोलू, मलाही आनंदाने काही सुचत नव्हतं. आम्ही दोघं म्हातारी माणसं पोरांसारखी त्या कातळावर रांगत होतो. पाच-सहा जागा हिरव्या झाल्या. चाळीस वर्षांपूर्वीचा विश्राम परत आला होता आणि मला तो पुन्हा जायला नको होता.

फोन चालूच होता. तो कानाला लावून विश्राम म्हणाला, “थांबा, ठेवू नका. तुमच्याकडे पाण्याचे टँकर आहेत ना? उद्या तेच पाठवा.” मग बाईंकडे वळला. “बाई, सगळ्या गावाला बोलावू! पेपरवाल्यांना बोलावू! भर मे महिन्यात अख्खा सडा हिरवा करून दाखवू त्यांना. मग बघतो कोण याला पडीक म्हणतो ते!”

मला तर कल्पना आवडली. मी टाळी वाजवणार होते.

बाईंकडे बघितलं आणि हात तसेच राहिले.

बाई पहिल्या वितीपाशीच बसून होत्या. ओल्या शेवाळावर त्यांनी दोन्ही हातांनी आडोसा धरला होता. आता ऊन तिरपं झालं होतं, आणि छत्री सोडून मी तर पळाले होते. पाणी आटत चाललं होतं. भर सुट्टीत उठवलेली कडेची पानं पुन्हा मिटायला लागली होती. बाईंना ते दिसत नव्हतं, पण त्या बोटाने बघत होत्या.

फोनमधला माणूस विचारत होता, “हॅलो, साहेब? टँकर किती पाठवू? हॅलो?”

“बाई...?” विश्राम जवळ आला. “काय झालं? चुकलं का काही?”

बाईंनी हात पुढे केला. त्याने बाटली दिली. त्यांनी ती हलवून पाहिली. तळाशी थोडं पाणी होतं.

ती बाटली त्यांनी परत त्याच्याच हातात ठेवली आणि त्याची बोटं तिच्याभोवती मिटवली.

“तहान त्यांना लागलेली नाही, विश्राम. उरलंय ते तू पी.”