म्हाळूचं पहिलं पीठ

समोर कुणी बसलेलं नसताना सगुणाक्का दळता दळता कुणाशी बोलायची?

हा प्रश्न म्हाळूनं गावात ज्याला त्याला विचारला. पाणवठ्यावर विचारला, पारावर विचारला, मेंढरं घेऊन चाललेल्या परक्या माणसांनाही अडवून विचारला. त्याला कुणी कधी उत्तर दिलं नाही.

फार वर्षं झाली या गोष्टीला. पिठाची गिरणी या मुलखात अजून यायची होती. कातळवेढं गाव तेव्हाही असंच उघड्या माळावर होतं आणि घरोघर जातं होतं. उजाडायच्या आधी बाया दळायला बसत आणि साऱ्या गावातून एकच घरघर उठे. चुलीपाशी फुंकणी, आढ्याला टांगलेलं शिंकाळं, कोपऱ्यात सूप आणि रोवळी, न्हाणीत तांब्याचं घंगाळ. अजूनही कुणी म्हातारी ही नावं घेते तेव्हा तिचा आवाज जरा खाली येतो.

जातं फिरून फिरून दगड गुळगुळीत होतो. मग दाणा आत नुसता घरंगळतो, पीठ पडत नाही, आणि बाईचा खांदा मात्र भरून येतो. अशा वेळी दगडावर छिन्नीनं बारीक बारीक घाव घालावे लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. म्हाळू कातळवेढ्याचा टाकीवाला. बापाकडून त्याला छिन्नी-हातोडा मिळाला आणि बापाचंच गरम डोकंही मिळालं. पंतोजींच्या शाळेतून तो पाटी तिथंच टाकून पळून आला होता. पण दगडावर त्याचा हात असा बसे की त्यानं टाकी लावलेल्या जात्याचं पीठ फुंकर मारली तर उडून जाई, असं म्हणतात.

आईबाप लवकर गेले. थोरल्या बहिणीनं, सगुणाक्कानं, त्याला वाढवलं. त्यापायी तिचं लग्न लांबत गेलं ते लांबलंच. ती एकटीच जातं ओढायची. पण बसताना जात्याच्या पलीकडच्या अंगाला एक रिकामा पाट मांडायची, आणि मग दळता दळता हळू आवाजात बोलत राहायची. म्हाळू अंथरुणात पडून कान द्यायचा. शब्द घरघरीत बुडून जायचे.

"अक्का, कुणाशी बोलतेस गं?"

"ऊठ आधी. तोंड धू."

एवढंच ती म्हणायची.

एका सालात तापाची साथ आली आणि सगुणाक्का त्यात गेली. म्हाळू रडला नाही. तो नुसता जात्यापुढे बसून राहिला. तेराव्याच्या जेवणाचं दळण जवळ आलं तेव्हा शेजारच्या गिरजाकाकू म्हणाल्या, "पोरा, आम्ही बाया मिळून दळून देतो."

"नको," म्हाळू म्हणाला. "अक्काचं जातं आहे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

ते जातं गुळगुळीत झालं होतं. म्हाळूनं वरचा दगड उतरवला आणि एका बैठकीत टाकी लावली. अशी लावली की जणू दगडाकडून त्याला काही वदवून घ्यायचं होतं. मग त्यानं दगड चढवला, पाट मांडला आणि दळायला बसला.

टाकीचं काम झालं की आधी कोंडा दळायचा, मग पसाभर दाणे दळायचे, आणि ते पहिलं पीठ ओढ्यात सोडून द्यायचं. त्यात दगडाची कच असते. हे कातळवेढ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हाळू स्वतः दारोदार बजावून सांगायचा. पण त्या दिवशी तो दळत नव्हताच. तो कान लावून ऐकत होता. समोरच्या पाटाकडून काही येतं का, एवढंच ऐकत होता. दळण सरलं, काहीच आलं नाही, आणि पहिलं पीठ काढायचं राहून गेलं.

तेराव्याला पंगत बसली. पहिल्या घासाला सगळ्या पंगतीत कचकच झाली. गावात ज्यांचा शब्द चाले त्या म्हाताऱ्या भिकोबातात्यांचा शाबूत राहिलेला शेवटचा दात तुटला. त्यांनी तो तळहातावर घेऊन बघितला.

"म्हाळ्या, बहिणीच्या तेराव्याला आम्हांला दगड चारतोस व्हय रं?"

"टाकीवाल्याचं घर हे, दगडाचीच भाकर व्हायची!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघंचौघं हसले.

म्हाळूनं भाकरीची दुरडी लाथेनं उडवली. "गिळा की मग! ती एकटी दगड ओढत होती तेव्हा आला होता का कुणी समोर बसायला?"

पंगत अर्ध्या जेवणावरून उठली. जाताना तात्या उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "आजपासून तुझ्या हाताचं पीठ आमच्या तोंडात नको."

सगुणाक्काचं तेरावं असं अर्धं राहिलं. राग ओसरल्यावर म्हाळूला ते उमगलं. गावानं पोटभर जेवून हात धुतल्याशिवाय गेलेल्या माणसाची वाट मोकळी होत नाही, अशी तिथली समजूत. म्हणजे अक्का कुठंतरी वाटेत, डोक्यावरचं ओझं न उतरवता उभी होती. हे मनात आलं आणि त्याची झोप गेली.

कुणी त्याला कामाला बोलावीना. गावातली जाती एकेक करून गुळगुळीत झाली. बायांचे दंड सुजले. पहाटेची घरघर इतकी बारीक झाली की माळावरची पाखरं वेळेवर उठेनाशी झाली, असं म्हणतात.

मग गिरजाकाकूंच्या नातीचं लग्न निघालं. लग्नाची हळद घरच्या जात्यावरच दळायची. पण हळकुंडं दगडाला दाद देईनात. काकू म्हाळूच्या दारात आल्या.

"झालं गेलं विसर बाबा. जात्याला टाकी लाव."

"लावतो. पण सांगा, अक्का कुणाशी बोलायची?"

काकू पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "बाई जात्याशी काय बोलते ते जात्याला ठाऊक. मी काय बोलते ते तुझ्या काकांना ते जाईपर्यंत कळलं नाही. तुला कुठून सांगू?"

म्हाळूनं छिन्नी उचलली. "येतो. पण पहिलं पीठ ओढ्यात टाकायचं नाही. ते मला द्यायचं."

"त्याचं काय करणार?"

"खाणार."

"दगड खाणार?"

"मी गावाला चारला ना? मग मीच खाऊन संपवतो."

काकूंना वाटलं, पोरगं दुःखानं बोलतंय. पण त्यानं खरंच टाकी लावली, कोंडा दळला, पसाभर दाणे दळले, आणि ते कचकचीत पीठ पाण्यात कालवून सगळ्यांच्या देखत पिऊन टाकलं. हळद सोन्यासारखी पडली. मग शेजारणीनं बोलावलं, मग तिच्या शेजारणीनं. म्हाळू घरोघर गेला. जात्याला टाकी लावायची, पहिलं पीठ प्यायचं आणि पुढच्या घरी जायचं.

असं म्हणतात, तो जड होत गेला. आधी लाकडी पायऱ्या त्याच्या पायाखाली करकरू लागल्या. मग बाजेवर बसला की बाज मोडू लागली. एकदा त्याला गाडीत घेतलं तर बैल गुडघे टेकून बसले. त्याची कातडी राखाडी झाली, बोलणं संथ झालं. थकवा असा आला की झोपून उतरेना. ओढ्याच्या कातळावरून तो चालत गेला तर ओल्या मातीत उमटावीत तशी त्याची पावलं उमटली. ती आजही तिथं आहेत. पावसाचं पाणी त्यात साचतं आणि चिमण्या येऊन पितात.

"पुरे कर रे, म्हाळू," काकू म्हणाल्या.

"तात्यांचं घर राहिलंय."

भिकोबातात्यांनी दार शेवटपर्यंत लावून ठेवलं होतं. पण सुनेचे सुजलेले दंड त्यांनाही दिसत होते. एक दिवस त्यांनी दार उघडलं.

"लाव टाकी. पण माझा दात काही परत येत नाही."

"माझा बसवा, तात्या," म्हाळू सावकाश म्हणाला. "दगडाचा झालाय आता. तुम्हांला जन्मभर पुरेल."

तात्या हसले. बोळक्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि त्यांच्या सुनेनं पहिल्या पिठाची वाटी म्हाळूच्या हातात दिली.

पुढं गावात गिरणी आली. मग घरघंटी आली, मिक्सर आला. शिंकाळी माळ्यावर गेली, जाती परसात पालथी पडली. पण कातळवेढ्यात आजही कुणी नवं यंत्र आणलं, की त्यातून निघालेलं पहिलं पीठ घरात वापरत नाहीत. गावाच्या कडेला, म्हाळूचं घर होतं त्या जागी, सगुणाक्काच्या जुन्या जात्यापाशी, माणूस मांडी घालून बसावा तसा एक धोंडा आहे. ते पीठ त्याच्यापुढे ठेवतात. कातळवेढ्याची लेक सासरी पुण्याला असली तरी पुडी बांधून पाठवते. वर्षातून एकदा, सगुणाक्काच्या तिथीला, सगळी यंत्रं बंद असतात. माळ्यावरचं जुनं सामान खाली येतं आणि पोरांना ओळीत बसवून विचारतात, हे काय, ते काय. मागच्या साली एकानं फुंकणी हातात घेऊन "पाईप" असं सांगितलं, तर सगळ्या म्हाताऱ्या हसून लोळल्या. मग एकीनं त्याला राखेत फुंकर घालून दाखवली. त्या दिवशी प्रत्येक घरात जात्यावर मूठभर दाणे दळतात. समोर रिकामा पाट मांडतात. दळणारी बाई काही पुटपुटली, तर कोणाशी बोलतेस असं तिला कुणी विचारत नाही.

पण शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगायची राहिली.

तात्यांच्या घरून म्हाळू पाय ओढत आपल्या घरी आला. स्वतःचंच एक जातं राहिलं होतं. त्यानं त्याला टाकी लावली. या वेळी हलक्या हातानं लावली. कोंडा दळला, पसाभर दाणे दळले, ते पहिलं पीठ पिऊन टाकलं. मग अक्का बसायची ती जागा त्यानं मोकळी ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या पाटावर बसला. त्यानं खुंट्याला हात घातला. असं म्हणतात, एवढ्या थकलेल्या माणसाच्या हाताखाली ते जातं दोघांनी ओढावं तसं हलकं फिरलं. त्यानं काही विचारलं नाही आणि कान लावून ऐकलंही नाही. नुसता दळत राहिला.

उजाडलं तेव्हा गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर चिपटंभर पीठ ठेवलेलं होतं. कुणाला सांगावं लागलं नाही. बायांनी चुली पेटवल्या, भाकरी थापल्या आणि सगळं गाव राहिलेलं तेरावं जेवायला बसलं. भिकोबातात्यांनी पहिला घास दुधात कुस्करून तोंडात धरला. डोळे मिटून हिरड्यांनी हळूहळू चावला. कच लागेल म्हणून वाट बघितली.

कच लागली नाही. त्यांनी दुसरा घास घेतला.