गढूळ तांब्या

बोरटेंभ्याच्या बंधाऱ्यावर एक ठेंगणा दगड आहे. पाटाला पाणी सोडलं, की पाटाच्या शेवटच्या वावरातली बाई गढूळ पाण्याचा तांब्या घेऊन कोसभर वर चालत येते आणि त्या दगडावर ओतते. काठोकाठ भरलेल्या बंधाऱ्यावर हे तांब्याभर पाणी कशाला, म्हणून पाहुणे हसतात. हसू द्या.

शेवटचं वावर तेव्हा सुपडाबाईचं होतं म्हणे. एका साली तिचा गहू ओंबीवर आला आणि पाणी पोचेना. पाणी वाटायचा तो भिकन पाटकरी. त्याची स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. हाच आपलं पाणी कुणाला तरी विकतो, असं सुपडाबाईच्या मनानं घेतलं आणि तिनं ते चारचौघांत बोलून दाखवलं. पाटातून वावरात पाणी घ्यायच्या मातीच्या दारांवर ज्यानं त्यानं आपापला राखणदार बसवावा, हेही तिनंच सुचवलं. गावाला लगेच पटलं. संशयाला कुठं साक्षीदार लागतो!

भिकन बंधाऱ्यावर जाऊन या दगडावर बसला. शेवटच्या वावरातलं पाणी मिळेल तेव्हाच पिईन, नाहीतर इथंच मरेन, असा त्यानं पण केला.

राखण बसली आणि पाणी आणखीच आटलं. तिसऱ्या दिवशी सुपडाबाई पाटाच्या कडेनं वर निघाली. बघते तो काय, प्रत्येक राखणदारानं आपल्या मालकाच्या दाराला टाचेनं भोक पाडलेलं!

"वरला बी तेच करस, मंग मीच का बरं सोडू?" प्रत्येकाचं हेच उत्तर.

कुंपणच शेत खात होतं, आणि कुंपण घातलं होतं तिनं. तिला स्वतःचीच शिसारी आली. भिकन मेला तर त्याचं पाप तुमच्या-माझ्या माथी, असं म्हणत तिनं एकूणएक भोकं चिखलानं बुजवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी तिच्या वावरात शिरलं. तांब्या भरून ती धावतच बंधाऱ्यावर गेली.

भिकनचे ओठ फुटले होते. तरी त्यानं आधी तांब्याकडे पाहिलं, मग बंधाऱ्याकडे.

"हाई पानी तुना वावरनंच शे, कशावरून?"

सुपडाबाईनं तांब्या हलवला. तळाची तांबडी माती वर आली. साऱ्या शिवारात काळी माती, तांबडी तेवढी तिच्याच वावरात. भिकन ते पाणी मातीसकट प्यायला. सुपडाबाई ढसाढसा रडली.

आजही तो तांब्या आल्याशिवाय वरचं एकही दार उघडत नाही. पाणी निवळ दिसलं, तर दगडापाशी बसलेले म्हातारे बाईला आल्या पावली परत धाडतात. गेल्या साली सरपंचांच्या सुनेला दोनदा धाडलं.